मागच्या दाराची गाठ

मोहाची फुलं पडायला लागली की आश्रमशाळेच्या वसतिगृहावर भर दुपारी पेंग चढते. वाऱ्यावर फुलांचा आंबूस-गोड वास, वेचायला सोपं जावं म्हणून झाडांखाली जाळलेल्या पाल्याचा निळसर धूर, आणि त्यात माणसंही हळू बोलतात, हळू चालतात. अधीक्षिका सत्यशीलाचा मात्र ह्या दिवसांत डोळ्याला डोळा लागत नसे. धूर रोजचाच झाला, मग खरा धूर ओळखणार कोण?

ती आग विझवायच्या सिलिंडरचे काटे पुसून बघायची, बॅटरीचे दिवे लावून बघायची, आणि पोरींच्या निजायच्या खोलीच्या मागच्या दाराशी आली की कपाळावर हात मारून घ्यायची. आगीतून पळता यावं म्हणून ते दार नवं बसवलेलं. आतून दांडी ढकलली की उघडायचं, बाहेरून नाही. आणि त्या दांडीला रोज सुंभाची करकचून गाठ!

गाठ स्वयंपाकीण नीलाबाईची. ती लपवायचीही नाही.

"अहो, बाहेरून उघडतच नाही ते," सत्यशीला समजवायची.

"हे त्या जनावराले कोनं सांगतलं?"

मागच्या साली मोह वेचताना तिच्या धाकट्या बहिणीला वाघानं नेलं होतं. तेव्हापासून नीलाबाई त्याचं नावसुद्धा घेत नसे. सत्यशीलाला तिची माया वाटायची, रागही यायचा. पण सगळ्यात जास्त वाटायची भीती. एवढ्या पोरी ह्या खोलीत निजतात, आणि त्यांची वाट एका गाठीत अडकलेली.

त्या दिवशी सकाळी तिनं गाठ स्वतः सोडली. दुपारी पोरी जेवून कलंडल्यावर सरावाची घंटा वाजवली आणि पुढच्या दारात उभी राहिली. "इथे आग लागली समजा. मागून बाहेर पडा."

पोरी अर्ध्या झोपेत, पाण्यातून चालाव्यात तशा, मागच्या दाराकडे गेल्या. दार उघडेना. मागच्या पोरी पुढच्यांवर रेटल्या, सगळ्यात पुढे सापडलेली लहानगी करिश्मा रडायला लागली. नीलाबाईनं पुन्हा गाठ मारली होती. गर्दीतून सत्यशीलाला पुढे जाताच येईना.

तेवढ्यात दारावर बाहेरून थापा पडल्या. रडणं ऐकून नीलाबाई स्वयंपाकघरातून धावत आली होती. ती दाराच्या पत्र्यावर नखं ओढत होती, पण बाहेरून धरायला काहीच नव्हतं. "उघडा न वो पोरीहो, उघडा न," ती म्हणत राहिली.

दहावीतल्या दीपालीनं दातांनी गाठ सोडवली. पोरी उन्हात, धुरात, नीलाबाईच्या अंगावर सांडल्या. करिश्माला छातीशी धरून ती मातीतच बसली. "मीनंच बांधलं. मीनंच बांधलं." सत्यशीलानं तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण ती शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी नीलाबाईनं आपली सतरंजी आत, थेट त्या दारापुढे अंथरली. "आलंच त पयले मले भेटन."

सत्यशीलानं सतरंजी भिंतीकडे ओढली. "वाट सोडून झोपा, नीलाबाई."

"अन् आग लागली त मले उठवजा न, बाई. माही झोप लई जड हाये."

"आधी पोरी."

नीलाबाईनं मच्छरदाण्यांच्या रांगेकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "आधी पोरी. आपण दोघी मांगून."