बसलं की बंद

माळेवाडीच्या घाटात दुसऱ्या वळणावर आरतीची मोटरसायकल बंद पडली, तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. ती उतरली, गाडी कडेला घेतली आणि मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळलेल्या नायट्रोजनच्या टाकीवर हात ठेवून उभी राहिली. टाकीत वळूच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या होत्या, आणि वर पठारावर लंकाबाईंची गाय काल संध्याकाळपासून माजावर होती.

आरती पारनेरकडच्या एका दूध डेअरीसाठी गायी भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम करायची. पशुधनाची पदविका तिनं लग्नाआधीच घेतली होती. लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. आपण डॉक्टर नाही हे तिनं सुरुवातीला सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. या कामात वेळेला फार किंमत. माज उतरायच्या आत पोचलं नाही, तर पुढचे एकवीस दिवस हात चोळत बसायचं.

दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. चौथ्या वळणावर पुन्हा गेली, आणि त्यापुढं तर जवळजवळ प्रत्येक वळणावर. ती वाडीवर पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि गाय शांतपणे कडबा खात होती. आरतीनं तपासलं. माज उतरला होता.

लंकाबाई साठीच्या पुढच्या. दोन गायींवर एकट्यानं घर चालवणाऱ्या. त्या रागावल्या नाहीत, हेच आरतीला जास्त लागलं.

"मागल्या टायमाला बी असंच झालं," त्या म्हणाल्या. "तुज्या हाताला गुण हाय बाई, मी न्हाई म्हनत न्हाई. पन त्यो हात माज्या गायीपातूर येतच न्हाई, त्याला काय करू? आता एकवीस दिवस हायेत. पुन्यांदा असं झालं तर मी दुसरा डॉक्टर बघते."

"बघा मावशी," आरती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर आजच बघितला असता."

परतताना गाडी एकदाही बंद पडली नाही.

मोटरसायकल तिच्या सासऱ्यांची, रंगनाथ यांची. सत्त्याण्णव साली घेतलेली शंभर सीसीची गाडी. रंगनाथ विजेच्या खात्यात बत्तीस वर्षं वायरमन होते, आणि त्या गाडीवर शिडी बांधून त्यांनी निम्मा तालुका पालथा घातला होता. चार वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा त्यांनी चावी आरतीच्या हातात दिली. घाटाच्या कच्च्या रस्त्याला या गाडीसारखी दुसरी नाही, असं दोघांचंही मत होतं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र गाडीला ही खोड लागली. स्टँडजवळचा ज्ञानेश्वर मिस्त्री हाताचा चांगला माणूस. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोलचा कॉक नवा घातला, कॉइल बदलली. गॅरेजसमोर तासभर इंजिन चालू ठेवलं. स्वतः गाडी घेऊन सहा किलोमीटर जाऊन आला. कुठं काही नाही.

"वहिनी, माझ्यापुढं ती बंदच पडंना, तर मी धरू काय?" तो म्हणाला. "वय झालं तिचं. द्या आता भंगारात."

लंकाबाईंच्या गायीचा माज हुकला त्या संध्याकाळी आरतीनं सासऱ्यांना मिस्त्रीचं हे बोलणं सांगितलं. रंगनाथ अंगणात बाजेवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

"बंद पडायच्या आधी गचके देती का?" त्यांनी विचारलं.

आरतीनं आठवून पाहिलं. इतक्या दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई मामा. एकदम जाती. कुनी चावी फिरवावी तशी."

"पेट्रोल तटलं असतं तर गचके दिले असते. घुटमळली असती. एकदम जाती म्हंजे करंट जातोय." त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "लाईनवर आमाला असले फॉल्ट लई यायचे. दिवसातनं दोन मिन्टं लाईट जानार, मानूस बघायला गेला की सगळं ठीक. तसला फॉल्ट अंदाजानं घावत न्हाई. त्यो कधी येतो ते आधी बघायचं. वारं सुटल्यावर येतो का, दव पडल्यावर येतो का. तू लिहून काढ. प्रत्येक टायमाला. कुठं, किती वाजता, पेट्रोल किती, रस्ता कसा. तुला फालतू वाटंल तेबी लिही."

आरतीनं कामाच्या वहीची मागची पानं त्यासाठी ठेवली. अकरा दिवसांत नऊ नोंदी झाल्या. रोज संध्याकाळी रंगनाथ चष्मा लावून त्या वाचायचे, आणि वाचता वाचता एकेक समजूत खोटी ठरत गेली. गाडी तापल्यावर बंद पडते, अशी आरतीची पक्की खात्री होती, कारण दहा मिनिटं उभी केली की ती सुरू व्हायची. पण एकदा सकाळी सात वाजता, घरापासून दोन किलोमीटरवर, हात गारठत असताना ती गेली. टाकी भरलेली असतानाही गेली आणि निम्मी असतानाही. बंद पडल्यावर हॉर्न मात्र वाजत होता, इंडिकेटरही लागत होते.

"चढावर सहा, खड्ड्यात तीन," रंगनाथ म्हणाले. "सपाटीला एकबी न्हाई. हादऱ्याचं काहीतरी हाय. पुढं लिही."

बाराव्या दिवशी एका अरुंद चढावर गाडी गेली, नेमका मागं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. थांबायला जागा नव्हती. आरती झटकन उतरली आणि शेजारी उभ्या उभ्याच किक मारली. पहिल्या किकला इंजिन लागलं. ना दहा मिनिटं, ना पाच. ती बसली, वीसेक फूट गेली, चाक खड्ड्यात आपटलं आणि गाडी बंद. बसूनच किक मारली. एक, दोन, पाच वेळा. काही नाही. उतरून मारली. लागली. बसली. बंद.

तिनं हे मुद्दाम आणखी दोनदा केलं. ट्रॅक्टरवाला स्टेअरिंगवर हात टेकून बघत होता.

"ताई, काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"घावलं," आरती म्हणाली, आणि त्याला काहीच कळलं नाही.

वहीत तिनं तेवढंच लिहिलं : बसलं की बंद, उतरलं की चालू.

गाडीला गार व्हायची कधी गरजच नव्हती. आरती खाली उतरायची, तेवढंच तिला पुरत होतं. आणि गॅरेजला जाताना आरती नायट्रोजनची जड टाकी नेहमी घरी काढून ठेवायची. मिस्त्री अंगानं काडीसारखा, किकही मारायचा ती गाडी स्टँडवर लावून. त्याच्यापुढं ती बंद पडणार कशी?

रंगनाथ यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मिस्त्रीला फोन करून घरीच बोलावलं. तो आला तेव्हा ते गाडीशेजारी पाट टाकून बसले होते.

"ज्ञानेश्वर, मला एक सांग. चावी बंद केल्यावर इंजिन कशानं थांबतं?"

"चावीतनं एक वायर येती काका. चावी बंद केली की ती बॉडीला लागती, अर्थिंग होती. ठिणगी मरती."

"आन चावी न फिरवता ती वायर कुठं बॉडीला लागली तर?"

मिस्त्रीनं गाडीकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "पन वायरिंग मी समदं बघितलंय. कुठं तुटलेलं न्हाई."

"तुटलेलं नसंल. सोललेलं असंल. आधी ती वायर सोडव."

मिस्त्रीनं सीट काढली आणि चावीकडून येणारी ती वायर जोडातून सुटी केली. रंगनाथ यांची लाईनवरची हीच रीत होती. संशय असलेला तुकडा तोडायचा आणि बाकीची लाईन चालू करून बघायची. आरतीनं टाकी बांधली आणि निघाली. घाटानं ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. खड्डा दिसला की चुकवण्याऐवजी तिनं चाक नेमकं त्यात घातलं. तिसऱ्या चढाला ती एकटीच मोठ्यानं हसत होती. गाडी एकदाही बंद पडली नाही.

अंगणात आल्यावर मात्र ती बंद होईना. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन सुरूच. शेवटी मिस्त्रीनं गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा ती थांबली.

"त्याच वायरीत हाय," रंगनाथ म्हणाले. "आता कुठं, ते बघू."

चावीपासून सीटखालपर्यंत ती वायर हातभर लांब, आणि बाकीच्या सात-आठ वायरींच्या जुडग्यात बांधलेली. मिस्त्री सगळी सोलून काढायला निघाला होता. रंगनाथ यांनी त्याला थांबवलं. आरतीला वाटीत गेरू कालवून आणायला सांगितला. सीटखालच्या प्रत्येक वायरीच्या पाठीवर त्यांनी बोटानं ओला गेरू लावला, सीट परत बसवली, टाकी बांधली आणि आरतीला म्हणाले, "बस. आन चांगली आदळ."

ती बसली, तीन-चार वेळा आदळली. मग मिस्त्रीनं सीट काढून उलटी केली. सीटच्या तळाच्या पत्र्यावर एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढा लाल डाग उमटला होता.

डागासमोर जिथं वायरींचं जुडगं चासीच्या आडव्या पट्टीवरून वळत होतं, तिथं रंगनाथ यांनी एकेक वायर नखानं उलटी केली. वरून सगळ्या धड दिसत होत्या. तिसरीच्या खालच्या अंगाला प्लास्टिक घासून गेलं होतं आणि तिळाएवढं तांबं चमकत होतं.

तिघंही त्या तिळावर वाकले.

"एवढंसं," आरती म्हणाली.

मिस्त्रीनं सीटचा पत्रा चाचपला आणि कपाळाला हात लावला. सीट खाली दबू नये म्हणून पत्र्याला रबराची दोन बटणं असतात. दिवाळीत बाजारात सीटचं कव्हर बदलून घेतलं होतं, तेव्हा ती बटणं परत बसवायची राहून गेली होती. तेव्हापासून आरतीचं आणि टाकीचं वजन पडलं, आणि गाडी चढाला किंवा खड्ड्याला लागली, की पत्रा वायरींना पट्टीवर दाबत होता.

"चार महिने मी इंजिनातच बघत बसलो काका," मिस्त्री म्हणाला.

"तुज्याकडं आलेली गाडी निराळी हुती," रंगनाथ म्हणाले. "तिच्यावर ही बसलेली नव्हती."

मिस्त्रीनं तेवढ्या जागी नवी वायर जोडली, तिच्यावर जाड नळी चढवली आणि जुडगं पट्टीपासून लांब बांधलं. जुन्या चपलेच्या तळव्यातून रबराचे दोन तुकडे कापून सीटखाली ठोकले. त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला होता.

पुढचा आठवडा आरतीनं गाडीला मुद्दाम त्रास देण्यात घालवला. दोन टाक्या बांधून गेली, नांगरटीच्या कडेनं गेली. वहीच्या मागच्या पानावर अकरावी नोंद झाली नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी साडेसातला लंकाबाईंचा फोन आला.

"राती आठपसनं गाय हंबरतीय. तू येनार का दुसरीकडं फोन करू?"

"निघाले मावशी."

घाटाच्या दुसऱ्या वळणावर तिची बोटं आपोआप क्लचवर घट्ट झाली. वळण गेलं. चौथ्या वळणावर समोरून भरलेला टेम्पो उतरत आला, तिला कडेच्या दगडांवरून गाडी घ्यावी लागली, मागं टाकी दणकन आपटली. इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही. तिनं ॲक्सिलरेटर पिळला आणि पठाराच्या मोकळ्या वाऱ्यात वर आली.

सव्वाआठला ती दारात होती. लंकाबाईंच्या हातात अजून दुधाची चरवी होती.

"एवढ्यात आलीस?"

"आले. गाय बांधा."

काम पाच मिनिटांचं. हात धुऊन होईपर्यंत बांधावर दोन माणसं येऊन उभी राहिली होती. एकाची कालवड माजावर होती, दुसऱ्याच्या गायीला तिसऱ्या महिन्याची तपासणी हवी होती. त्या दिवशी आरतीनं पठारावरच्या चार वाड्या केल्या, त्यातल्या दोन वाड्यांत ती पूर्वी कधीच गेली नव्हती. उतरताना फोन लावला.

"किती टायमाला बंद पडली?" रंगनाथ यांनी विचारलं.

"एकदाबी न्हाई."

पलीकडं त्यांनी नाक शिंकरलं आणि ते म्हणाले, "जेवायला ये मग. भाकरी गार होतीया."

त्यानंतर महिन्याभरानं मिस्त्री पुन्हा घरी आला, या वेळी रंगनाथ यांना न्यायला. राहुरीहून एक जुनी गाडी त्याच्याकडं आली होती, पाऊस नसतानाही मिसफायर मारणारी, तीन मिस्त्र्यांनी हात टेकलेली. रंगनाथ यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि गुडघ्यांची तक्रार न करता त्याच्या मागं बसले. गॅरेजात गेल्या गेल्या त्यांनी गाडीला हात न लावता मालकाला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तीन महिने होताच आरती लंकाबाईंकडं तपासणीला गेली. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तिनं हात आत घातला, डोळे मिटून चाचपलं. लंकाबाई गाईचं शेपूट धरून तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"गाभण हाय," आरती म्हणाली.

लंकाबाईंनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला, पदरानं तोंड पुसलं आणि शेजारच्या वस्तीच्या दिशेनं खणखणीत आवाजात हाक दिली, "ए पंकजा, तुजी म्हस दाखवायची हुती ना? आन हिकडं. डॉक्टरीण आलीय."