आचकेबुवांची कोरी तारीख

सिनेमाच्या धंद्यात आचकेबुवांइतकं कुणी मेलं नाही. गोळी लागून मेले, विष पिऊन मेले, घोड्यावरून पडून मेले, आणि एका पिक्चरमध्ये तर नुसती वाईट बातमी ऐकून मेले. लोक तिकीट काढायचे ते त्यांचा शेवटचा आचका बघायला, म्हणून ते नाव पडलं. मी त्यांचा मेकअपवाला. चेहऱ्यावर मरणकळा मी चढवायचो, पुढचं ते बघून घ्यायचे. एकदा सेटवर एक डॉक्टर पाहुणे आले होते. बुवांनी प्राण सोडल्याबरोबर त्यांनी धावत जाऊन नाडी धरली आणि मान हलवली, "गेले." बुवांनी एक डोळा उघडला. "नक्की ना? नाहीतर परत घेऊ." खोटं वाटत असेल तर त्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांनी नंतर डॉक्टरकी सोडून किराण्याचं दुकान टाकलं.

कला मोठी, पण खोड वाईट. बुवा घरीसुद्धा मरायचे.

पहिल्यांदा जेवता जेवता कलंडले. वहिनींनी हंबरडा फोडला. तेव्हा मेलेला माणूस पडल्या पडल्या म्हणाला, "सूर छान लागलाय गं, फक्त मध्ये श्वास घेऊ नकोस." दुसऱ्या वेळी धाकट्या भावाला हाताशी धरलं. तो गळा काढत स्टुडिओत गेला आणि निर्मात्याला घेऊन आला. निर्माता चादरीपाशी उभा राहून हळहळला, "माणूस लाखाचा होता. तो जिना मात्र मिशाळने जास्त रंगवला असता." चादर भिरकावली गेली. "मिशाळने? त्याला जिना चढता येत नाही, तो पडणार काय!"

तो जिना म्हणजे बुवांचा जीव की प्राण. एका पिक्चरमध्ये ते अख्खा जिना गडगडत आले होते आणि शेवटच्या पायरीवर पाण्याच्या पेल्याकडे हात नेता नेता गेले होते. त्यांचा जन्माचा वैरी मिशाळ, हाही बुवांसारखा पडद्यावरचा खलनायकच, चारचौघांत सांगत सुटायचा की गडगडलो मी, त्याचा फक्त चेहरा.

त्या दिवशी वहिनींनी बजावलं, "आता खरोखर गेलात तरी रडायची नाही. आधी खात्री करून घेईन."

आणि मग बातमी आली. बुवा दूर डोंगरात शूटिंगला गेले होते. माझा गुडघा धरला होता, म्हणून मी घरीच. मरणाचा सीन चालू असताना बुवा गेले. डायरेक्टरने दोनदा कट म्हटलं, तरी उठले नाहीत. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, तेव्हा सगळं तिथेच उरकलं. ही बातमी आणली कुणी? धाकट्याने. हातात बुवांची बॅग.

वहिनींनी त्याला दारातच अडवलं. "भावोजी, कुठे लपवून ठेवलंय त्यांना?"

"वहिनी, आईची शपथ..."

"मागच्या वेळीही आईचीच घेतली होतीत."

मी बॅग उघडून बघितली. टोप होते, मिशा होत्या, गोंदाची बाटली होती. एक वस्तू नव्हती. मी हाताने विणलेली पांढरी दाढी. तसं वहिनींना सांगितलं. त्यांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे लावून हिंडताहेत. स्वतःच्याच शोकसभेला येणार बघा. आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकल्याशिवाय राहवायचं नाही त्यांना."

शोकसभेला सगळी इंडस्ट्री लोटली. स्टेजवर फोटो, फोटोखाली जन्मतारीख, तिच्यापुढे एक रेघ आणि मग कोरी जागा. पेंटरने विचारलं होतं, तर वहिनी म्हणाल्या, "घाई काय आहे?" भाषणं सुरू झाली. इतकी गोड भाषणं मी जन्मात ऐकली नाहीत. जो तो "देवमाणूस" म्हणायचा आणि हळूच विंगेकडे बघायचा. निर्मात्याने तर पडद्याला नमस्कार केला.

मी दाढ्या तपासत होतो. तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात एक पांढरी दाढी रुमालात नाक शिंकरत होती. तेच पोक, तेच मान कलती करून ऐकणं. काहीतरी पडल्यासारखं करून मी वाकलो आणि दिली हिसडून. किंकाळी सभागृहाबाहेर गेली. ते हॉलच्या मालकाचे सासरे निघाले. दाढी जन्मजात होती.

गलका शांत झाला तेव्हा वहिनी माईकपाशी उभ्या होत्या. डोळे कोरडे ठणठणीत.

"आज एक खरं सांगते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तो जिना ह्यांचा नव्हता. गडगडले ते मिशाळ. हे खाली गादीवर बसून चहा पीत होते."

हे ऐकून बुवा गप्प बसणं शक्य नव्हतं. ते कपाटात असते तर कपाट फोडून आले असते. सगळा हॉल माना वळवून दाराकडे, विंगेकडे, खुर्च्यांखाली बघायला लागला.

उठला तो मिशाळ. काठी टेकत, लटपटत.

"नाही हो वहिनी. जिना त्याचाच. मी त्या दिवशी शूटिंगलाही नव्हतो. जन्मभर खोटं बोललो, आज नाही बोलवत."

"तुम्ही बसा हो," वहिनी म्हणाल्या. "मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

आणि त्या थांबल्या. आम्हीही थांबलो. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. दार हललं नाही, पडदा हलला नाही. कुणीतरी खोकलं, तशी वहिनींची मान झटकन वळली. पण तो लाइटवाला होता.

मग पहिल्या रांगेतून धाकटा खालमानेने बोलला. "वहिनी, दाढी निघालीच नाही. गोंद पक्का होता. मला ओढवेना. दाढीसकटच निरोप दिला."

गोंद मीच दिला होता. निघताना बुवा म्हणाले होते, असा दे की वाऱ्याने हलता कामा नये.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "मेकअपवाले, तुमची भुवयांची पेन्सिल द्या."

मी दिली. त्या फोटोपाशी गेल्या, रेघेपुढच्या कोऱ्या जागेत त्यांनी तारीख लिहिली, आणि पेन्सिल हातात तशीच धरून रडायला लागल्या. अडखळत, मध्ये मध्ये श्वास घेत, वाटेल त्या सुरात.

कुणीही सूर सुधारायला उठलं नाही.