मोहरीतली मच्छी

चंदाच्या हातच्या मच्छीचं नाव होतं. नवरा गोपाल तलावातून ताजी रोहू धरून आणायचा. चंदा धणे, खोबरं, लसूण भाजून पाट्यावर वाटायची, परसातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, ओंजळभर चिरून वरून पेरायची. वास चार घरं ओलांडून जायचा आणि चंदाला ते ठाऊक असायचं.

शेजारच्या घरात रीता मंडल नवीनच राहायला आली होती, मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली. एके दुपारी ती वाटीभर पिवळी मच्छी घेऊन आली. "मोहरी वाटून केली. चाखून पाय."

चंदाने हसून वाटी घेतली. दार लोटल्यावर हुंगून पाहिलं, मोहरीचा झणका नाकात गेला. बोटसुद्धा न बुडवता तिने सगळं मागच्या अंगणात कुत्र्यापुढे ओतलं.

रिकामी वाटी परत करू नये म्हणून संध्याकाळी तिने जवसाची चटणी भरून नेली. "लय मस्त झालती, रीताबाई. घरचे बोटं चाटत राह्यले."

ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या रीताच्या सासूने मान वर केली. "अवं, त्यात मीठ कुठी होतं? ही टाकालेच विसरली. आमच्याकडं कोणी दुसरा घास नाई घेतला."

रीता म्हणाली, "मले समजलं तवा वाटी तुह्याकडं गेलती. दुपारपासून लाज वाटून राह्यली होती, तू काय म्हणशील म्हणून."

चंदाचे कान तापले. "आमच्याकडं मीठ कमीच खातात," ती कशीबशी बोलली. रीता तिच्याकडे पाहत राहिली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं चंदाला घरी येताना वाटलं.

रात्री तिने ताट तसंच ठेवलं. गोपालने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं. तो ताटातच पाहत म्हणाला, "मच्छी धरतो आपण. आपल्या घरून मच्छी कुत्र्याले जाते?"

सकाळी चंदा साफ केलेली रोहू घेऊन रीताच्या दारात उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, म्या तुमची मच्छी खाल्लीच नाई. कुत्र्याले टाकली. वासानं."

रीताच्या हातातला झाडू थांबला. "आवडली नसती तरी चाललं असतं," ती म्हणाली. "चाखाची तरी होती."

माघारी वळायचं चंदाच्या मनात आलं, पण पाय निघेनात. "शिकवा मले," ती एवढंच म्हणाली.

झाडू कोपऱ्यात ठेवून रीताने पाटा पुढे ओढला. मोहरी, हिरवी मिरची, मीठ. "एकदम बारीक नको वाटू, कडू होते." चंदा वाटत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते मोहरीचं की कशाचं, हे न पाहता रीताने कढई चुलीवर ठेवली. तेलात कलौंजीचे काळे दाणे तडतडले, हळद लावलेले तुकडे पडले, वर वाटण आणि पाणी.

रीताने भात वाढला. चंदाने पहिला घास घेतला. तिखटाचा झटका नाकापर्यंत गेला, मागून रोहूची गोडी जिभेवर आली. चांगली होती, खरंच चांगली. ते बोलून दाखवायची मात्र तिला हिंमत होईना. तिच्या तोंडच्या कौतुकाला आता काय किंमत? मान खाली घालून ती ताट चाटूनपुसून खात राहिली. रीता आणखी भात वाढत होती.