डाव्या खिडकीजवळची जागा

पिकअपच्या डाव्या आरशाच्या कडेला निळ्या रंगाचा बारीक ओरखडा होता. नखाने खरवडला असता तर निघाला असता. सिंधुबाईंनी तो कालपासून तसाच ठेवला होता. दादासोंच्या नजरेस तो अजून पडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या नेत्र शिबिरात दादासोंना काचबिंदू निघाला. समोरचं बराच काळ नीट दिसेल, पण कडेचं दिसणं कमी होत जाईल, आणि गेलेलं परत येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गाडी चालवता का, असंही विचारलं. दादासो म्हणाले, शेती करतो. सिंधुबाई शेजारीच होत्या. पिकअपचं त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काटेवाडीहून बारामतीला भाजीच्या प्रत्येक खेपेला त्या नवऱ्याबरोबर निघू लागल्या. डाव्या खिडकीशी बसायच्या. मुळातली अबोल बाई वाटभर बोलू लागली. कुणाची म्हैस आज मोकळीच सुटलीय, शाळेच्या पोरी कशा रस्ता अडवून चालतायत. दादासो नुसतं हूं म्हणायचे आणि गाडी जराशी उजवीकडे घ्यायचे. डोळ्यांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. बाजारातले हमाल मात्र चेष्टा करायचे, "काय तात्या, ह्या वयात जोडीनं? नवं लगीन झाल्यावानी?"

काल पहाटेपासून मिरची तोडून अंग मोडून गेलं होतं. वाटेत सिंधुबाईंना डुलकी लागली. खर्रकन आवाज झाला तशा त्या दचकल्या. मागे वळून पाहिलं, तर रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत निळी सायकल आडवी पडली होती आणि गणवेशातली एक मुलगी कोपर धरून हळूहळू उठत होती.

"बाभळीची फांदी घासली वाटतं," दादासो म्हणाले.

गाडी तशीच पुढे गेली. संध्याकाळी सिंधुबाई एकट्याच त्या मुलीच्या बापाच्या, कुंडलिकच्या घरी जाऊन आल्या. तात्यांनी हॉर्नसुद्धा दिला नाही, एवढंच पोरगी म्हणाली.

आणि आज लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला घ्यायचा होता. दादासोंनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची, सगळ्यात बारीक ओळ न अडखळता वाचली. रंग ओळखले. डोळ्यांचा काही आजार? नाही, म्हणाले. नजर तरण्या पोरासारखी आहे, असं म्हणत डॉक्टरांनी सही केली. कडेचं दिसतं का, हे कुणी तपासलं नाही.

बाहेर आल्यावर दादासोंनी दाखला घडी करून खिशात ठेवला. पुष्कळ दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. आता पाच वर्षं बघायला नको, उद्या भेंडी घेऊन लवकरच निघू, असं बोलत त्यांनी बायकोसाठी दार उघडून धरलं. त्यांच्या डाव्या बाजूने एक मोटारसायकल अगदी अंगाजवळून गेली, तेव्हा ते केवढ्याने तरी दचकले.

सिंधुबाई जागच्या हलल्या नाहीत.

"काल फांदी न्हवती," त्या म्हणाल्या. "कुंडलिकची पोरगी हुती, प्रतीक्षा."

दादासोंचा हात दारावर तसाच राहिला.

"लागलं का पोरीला?"

"कोपर फुटलंय. तेवढ्यावर भागलं."

दादासो म्हणाले, "तवाच का न्हाय बोललीस?"

"दोन वर्सं बोलतच हाय की," सिंधुबाई म्हणाल्या. "आता बास. आजपासनं मी ह्या गाडीत बसनार न्हाय. आन् तुमीबी न्हाय."