मधल्या दोरीवरची वाकळ

चंद्राबाईची वाकळ खताच्या खड्ड्याशेजारी टांगली होती आणि शालूबाईची ऐन मध्यावर, चिंचेखाली. एवढ्यानेच चंद्राबाईचा दिवस नासला. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

साताऱ्याच्या त्या पेठेची ही बाग लढाईच्या दिवसांतली. धान्य मिळेना, भाजी परवडेना, तेव्हा ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत पेठेतल्या घरांनी एकेक वाफा वाटून घेतला, जुनी विहीर उपसली आणि वांगी, मेथी, दोडका लावला. तिथवर सगळं ठीक होतं. पण बागेचे चिटणीस झाले भाऊसो ड्रॉइंग मास्तर, आणि मास्तरांच्या मते माणसाला नुसती वांगी पुरत नाहीत. मग महिन्याला एक व्याख्यान आणि सुगी सरली की प्रदर्शन. मधमाश्यांवरच्या व्याख्यानाला बरी गर्दी झाली, कारण शेवटी फुकट कोथिंबीर वाटायची होती. चित्रांच्या प्रदर्शनात एका शेळीने महाबळेश्वरचा देखावा खाऊन टाकला. तरी मास्तर हटले नाहीत. सेहेचाळीस साली त्यांनी बायकांच्या वाकळी मांडायचं काढलं.

पांघरायच्या गोधड्या बघायला कोण येणार, म्हणून चंद्राबाई आधी खूप हसली. मग गुपचूप आपली वाकळ ओढ्यावर नेऊन दोनदा धुतली. तिच्या टाक्याला पेठेत तोड नव्हती, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

शालूबाई ही हंबीररावाची विधवा. हंबीरराव आणि चंद्राबाईचा नवरा मानसिंग एकाच पलटणीतून इटलीला गेले होते. मानसिंग परत आला, हंबीरराव आला नाही. बागेत दोघींचे वाफे लागून होते. मानसिंग विहिरीचं पाणी ओढून दोन्ही वाफे भिजवायचा, आणि आधी शालूबाईचा. विधवेला मदत करू नये असं कोण म्हणेल? चंद्राबाईही उघड म्हणत नव्हती. पण आधी का, हे तिला कळत नव्हतं.

त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. लढाईवरून आल्यापासून मानसिंग घरात कामापुरतं बोलायचा. मीठ दे, धोतर कुठाय, दार लाव. तिकडे काय झालं म्हणून तिने किती वेळा विचारलं, पण तो उठून बाहेर जायचा. भाऊसो मास्तरांनी युद्धावर व्याख्यान द्या म्हणून त्याच्या किती विनवण्या केल्या, तो बधला नाही. आणि असा हा मुका माणूस बांधावर उभा राहून शालूबाईशी हातवारे करकरून बोलताना चंद्राबाईने डोळ्यांनी पाहिला होता. ती जवळ गेली की दोघंही गप्प. का गप्प व्हायची? या एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती.

रविवारी सकाळी मास्तर काठी घेऊन मधल्या वाकळीपुढे उभे राहिले. "हा मधला केशरी चौकोन बघा. सगळ्या विटक्या रंगांत हा एकटा कसा पेटलाय! आणि एका कडेला रंग फिका होत गेलाय. याला कला म्हणतात."

चंद्राबाईने मान उंचावून पाहिलं. ती कला तिची होती. पळसाची फुलं उकळून तिनेच तो पटका रंगवला होता, मानसिंग फौजेत निघाला तेव्हा. मध्येच तव्यावरची भाकरी करपू लागली म्हणून कापड घाईने काढलं आणि एक कड फिकी राहिली. मानसिंग तेव्हा हसला होता, तोच पटका बांधून गेला होता. परत आल्यावर तिने विचारलं तर म्हणाला, तिकडं हरवला. हरवलेला पटका शालूबाईच्या पांघरुणात निघाला होता! बायका जवळ सरकून टाके बघत होत्या. चंद्राबाईला वाटलं, सगळ्यांना कळलंय आणि सगळ्या आपल्यालाच हसताहेत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी मानसिंग जेवायला बसला. तिने भाकरी वाढली आणि समोरच उभी राहिली.

"आवं, पटका हरवला म्हनला हुता न्हवं?"

त्याचा घास हातातच राहिला. "व्हय."

"शालूच्या वाकळंत हाय त्यो. सारी पेठ बघून गेली."

तो खाली मान घालून बसला. ती वाट बघत राहिली. खोटं का होईना, काहीतरी बोलेल असं तिला वाटलं.

"बोला की! माझ्यासंगं बोलाया काय हुतंय तुमास्नी?"

"न्हाई बोलता येत मला," तो म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

आता मात्र तिने ठरवलं. पटका माझा आहे, मी रंगवलाय, मी घेऊन येणार. तिने कात्री पदराखाली घेतली आणि बागेत गेली. विहिरीकडे सांगलीहून आलेले एक पाहुणे रंगांवर व्याख्यान देत होते. सारी माणसं तिकडे तोंड करून बसली होती. दोऱ्यांवरच्या वाकळींपाशी चिटपाखरू नव्हतं. मधल्या वाकळीच्या पलीकडच्या अंगाने जाऊन तिने केशरी चौकोनाचा पहिला टाका कापला. मग दुसरा. मग भराभर. टाका चांगला होता, हेही तिच्या ध्यानात आलं आणि त्याचाही तिला राग आला.

"तिकडनं नगं, वैनी. वरच्या अंगानं उसवा. खाली दुहेरी शिवलंय."

शालूबाई मागे उभी होती. ओरडली नाही, हात धरायलाही आली नाही. चंद्राबाईला आरडाओरड हवी होती. भांडायची तयारी करून आली होती ती.

"माझा हाय ह्यो पटका," ती म्हणाली.

"ठावं हाय मला. घिऊन जावा. पर आत बघून न्या."

चंद्राबाईने उसवलेली कड वर केली. कापडाची घडी घातलेली होती. आतल्या बाजूला केशरी रंग कुठेच नव्हता, होता तो मोठा, तपकिरी, धुऊनही न गेलेला डाग. तिने हात मागे घेतला.

"आमच्या मालकांच्या पोटात गोळी लागली," शालूबाई हळू आवाजात सांगू लागली. "मानसिंगभाऊंनी डोक्याचा पटका काढून बांधला, त्येस्नी पाठीवर घ्येतलं आन् डोंगर उतरलं. साऱ्या वाटंनं बोलत हुतं. आपली पेठ सांगत हुतं, वढा सांगत हुतं. खाली नदीवर आल्यावर कळलं, मालक कवाच ग्येलं हुतं. पटका धुऊन माझ्याकडं आनला. म्या म्हनलं, वैनीस्नी सांगा. तर म्हनलं, घरात सांगितलं तर त्ये घरात येऊन बसंल."

विहिरीकडे टाळ्या झाल्या. दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

"बांधावर त्येच सांगत असत्यात, वैनी. परत परत तेवढंच. आन् सांगताना लय रडत्यात."

चंद्राबाईचा राग निवायला हवा होता. संशय फिटला होता, नवरा तिचाच होता. पण राग उलट वाढला. नुसता पटका गेला असता तर तिने दुसरा रंगवला असता. पण त्यांचं पहिलं पोर गेलं तेव्हाही मानसिंगच्या डोळ्यांत तिने पाणी पाहिलं नव्हतं. तो कोरड्या डोळ्यांनी खड्डा बुजवून आला होता, आणि ती एकटी रडली होती. ते पाणी या बाईच्या पुढ्यात सांडत होतं, बांधावर, दिवसाढवळ्या, पुन्हा पुन्हा.

तिने कात्री खाली ठेवली. शालूबाईकडे न बघता ती उसवलेली कड बोटांनी सारखी करत राहिली.

"शालू," ती म्हणाली, "रडताना कसं दिसत्यात गं त्ये?"

शालूबाई खाली वाकून कात्री उचलू लागली.

"सांग की," चंद्राबाई म्हणाली. "म्या कवा बघितलंच न्हाई."