बावीस अंश

"भिंतीवरचा आकडा काय म्हणतोय, बाबा?" इनेकाने फोनवर विचारलं.

"बावीस."

"मग घर गरमच आहे की!"

"अगं, इथे माझे दात वाजतायत."

पलीकडे लेक गप्प झाली. हार्म ही शांतता ओळखून होता. त्याचा थोरला भाऊ चपला फ्रिजमध्ये ठेवायला लागला, तेव्हा त्याच्याशी बोलताना सगळं घर असंच मध्ये थांबायचं.

नेदरलँड्समधल्या डेल्फझाइलच्या कालव्यावरचा पूल हार्मने उभ्या नोकरीत उघडला आणि मिटला. यंत्राशी त्याचं कधी वाकडं नव्हतं. पण घर गरम ठेवणाऱ्या, माळ्यावरच्या या बॉयलरने त्याची मती गुंग केली होती. दिवसभर शहाण्यासारखा चालायचा आणि संध्याकाळ झाली की रुसून बसायचा. हार्मने माळ्याचा उभा जिना चढून पाण्याचा दाब बघितला, नळाला रबरी नळी जोडून तो वाढवला, खोल्याखोल्यांतल्या गरम पाण्याच्या रेडिएटरमधली हवा काढली आणि गालिचा भिजवून ठेवला. संध्याकाळी पुन्हा तोच गारठा. मेकॅनिक आला तो सकाळी. त्याच्यासमोर बॉयलर असा पेटला, की जणू कधी विझलाच नव्हता. "काका, तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे हा," असं म्हणून तो निघून गेला.

बॉयलर चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या डबीचं बटण आणखी वर फिरवायचं हार्मच्या मनातही आलं नाही. त्याच्या बायकोचा, ग्रीतचा, घरात कायदा होता: बटण वीसच्या पुढे न्यायचं नाही, थंडी वाजली तर स्वेटर घाला. ग्रीत वसंतात गेली, कायदा राहिला. आणि आकडा जर आधीच बावीस दाखवतोय, तर आणखी वर न्यायचं तरी कशाला?

"माळ्यावर चढला नाहीत ना?" इनेकाने विचारलं.

"छे!" हार्म साफ खोटं बोलला.

"शनिवारी येते मी. त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आपण नुसती बघून येऊ."

भावालाही असंच नुसतं बघायला नेलं होतं. हार्मने फोन ठेवला आणि रेडिएटरवर हात टेकला. गार होता. पण डोकंच ठिकाणावर नसेल, तर हाताचं तरी काय खरं? त्याला आतून भीती वाटली.

शनिवारी दुपारी ते खोली बघून आले. स्वच्छ होती, उबदार होती आणि हार्मला एका क्षणासाठीही आवडली नाही. पण घर सांभाळता येत नाही ते येत नाही, असं त्याने मनाशी मान्य करून टाकलं होतं.

घरी आल्यावर त्याने रोजच्यासारखा चहा केला. किटली तिच्या बैठकीवर ठेवली, खाली बुटकी मेणबत्ती लावली, म्हणजे संध्याकाळभर चहा गरम राहतो. ही बैठक आता कोपऱ्यातल्या कपाटावर, ग्रीतच्या फोटोशेजारी असे. शेवटच्या महिन्यांत त्या कोपऱ्यात ग्रीतचा पलंग होता. पलंग गेल्यावर रिकामा कोपरा बघवेना, म्हणून हार्मने ते बुटकं कपाट तिथे सरकवलं होतं.

बाहेर अंधारून आलं. बऱ्याच वेळाने इनेकाने कोटाची बटणं लावली.

"बाबा, थंडी वाजतेय हो."

हार्म तिच्याकडे बघतच राहिला. "खरंच वाजतेय? का मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"अहो, नाक गारठलंय माझं! बघा हात लावून."

तिच्या लहानपणी धरायचा तसं त्याने लेकीचं नाक चिमटीत धरलं. बर्फ झालं होतं. हार्मला इतका आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं.

"आणि चहा तिकडे कोपऱ्यात काय ठेवता? द्या इकडे." इनेकाने बैठकीसकट किटली उचलून टेबलावर आणली. 'नको' हा शब्द हार्मच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. तिने चहा ओतला, एकेक बिस्किट काढलं आणि आईच्या शिस्तीप्रमाणे डब्याचं झाकण लावून टाकलं.

दुसरा कप होईतो माळ्यावर भस्सकन आवाज झाला. रेडिएटर टिकटिकू लागला.

"हे काय आता?" इनेका म्हणाली.

हार्म उठून कोपऱ्यात गेला. कपाटाच्या बरोबर वर, भिंतीवर, तापमानाची डबी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. आकडा एकोणीस. डबीखालची भिंत अजून कोमट होती.

"मेणबत्ती," तो सावकाश म्हणाला. "या डबीला वाटायचं, सगळं घर गरम आहे. ही वर बॉयलरला तसंच कळवायची."

इनेका हसायला लागली आणि हसता हसता रडली. "मी तर ठरवूनच टाकलं होतं, बाबा. तुमचं डोकं..."

"मीसुद्धा," हार्म म्हणाला.

"सोमवारी नाही म्हणून कळवते. पण किटली टेबलावर. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या संध्याकाळी त्याने किटली टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. समोर ग्रीतची खुर्ची होती. ती खुर्ची आणि ही किटली एकत्र दिसू नयेत, म्हणून तर चहा कोपऱ्यात गेला होता. हे त्याने लेकीला सांगितलं नव्हतं.

शेवटी टेबलाला वळसा घालून तो ग्रीतच्याच खुर्चीत बसला. आजवर कधी बसला नव्हता. पाठीमागचा रेडिएटर तापू लागला आणि त्याच्या पाठीला ऊब लागली. स्वेटर घाला म्हणणारी बाई स्वतः इथे बसायची तर! हार्मला हसू आलं.

त्याने चहा ओतला आणि कप समोरच्या, त्याच्या नेहमीच्या जागेकडे सरकवला, ग्रीत सरकवायची तसा. मग हात लांब करून कप स्वतःसाठी परत जवळ ओढून घेतला.