बांगेचा जबाब

"म्हणून मी पोराला बोलली, तुला बोयसरला कारखान्यात जायाचा तर जा, पन…" काशीबाई बोलता बोलता थांबली. मशिदीच्या भोंग्यातून दुपारची बांग सुरू झाली होती.

काशीबाई कोळीण. तारापूरच्या या आळीत तिची पाटी कित्येक वर्षांची. बांग चालू असताना बोलायचं नाही, ही सवय तिला खैरूनच्याच दारात लागली होती. बांग सुरू झाली की खैरून हातातलं काम खाली ठेवायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि ओठ हलवत बसायची. मग हिनं बोलायचं तरी कुणाशी?

आज मात्र खैरूनचा हात थांबला नाही. ती विळीवर बोंबील साफ करत राहिली.

"बाय, बांग चाल्लीय," काशीबाई हळूच म्हणाली.

"आयकते मी."

"मंग?"

"मंग काय? तू बोल. पोरगा काय बोलला तुजा?"

काशीबाई बांग संपेपर्यंत पाटीवरचा ओला फडका उगाच सारखा करत राहिली आणि संपल्यावर पाटी उचलून निघून गेली.

आत खाटेवर खैरूनचा नवरा पडून होता. दाऊद बांगी. मशिदीत बांग देण्यात त्यांचा जन्म गेला. गेल्या थंडीत पहाटेची वजू करताना, नमाजीआधी हातपाय धुताना, ते हौदाच्या काठावरच कलंडले. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर जीभही.

बांग ऐकली की तिला जबाब द्यायचा, हे खैरूनला तिच्या आईनं चिंचणीला शिकवलं होतं. "मशिदीत जानं पुरुषांचं. जबाब देनं सगल्यांचं," आई म्हणायची. "बांगी जे बोलल ते त्याच्या मागून आपन बोलायचं. फकत 'नमाजीला या' असं तो बोलला की ते नाय बोलायचं. तिथं आपन बोलायचं, ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह. अल्लाशिवाय कुनात बल नाय, कुनाचं काय चालत नाय." चूल असो, जातं असो, भांडण असो, बांग सुरू झाली की सगळं थांबायचं.

लग्न होऊन खैरून खाडी ओलांडून तारापूरला आली, ती नेमकी बांग्याच्याच घरात. नवरा अगदी अबोल. कालवणात मीठ कमी पडलं तरी सांगायचा नाही. त्याचा मोकळा आवाज तिला ऐकू यायचा तो मशिदीवरूनच. त्या आवाजावरून तिला सगळं कळे. सर्दी झालीय, उपाशी आहेत, कुणाशी तरी वाजलंय. दाऊद प्रत्येक ओळीनंतर बराच वेळ थांबत. नवीन नवीन तिला वाटलं, दम पुरत नसेल. एकदा जेवताना तिनं विचारलंच.

"घरात बायका कामात असतात," ते ताटाकडे बघत म्हणाले. "त्यांना जबाब द्यायला वेल नको?"

ते 'बायका' म्हणाले खरे, पण खैरूननं तो वेळ आपल्यासाठीच धरला. नवरा तिकडून म्हणायचा, ती इकडून म्हणायची. संसारात त्यांचं जेवढं बोलणं झालं, त्यातलं बरंचसं असंच झालं.

दाऊद पडल्यावर मशिदीतल्या माणसांनी बांग द्यायला नसीमला ठेवलं. बिहारकडचा तरणा गडी. बोयसरच्या कुठल्याशा कारखान्यातलं काम सुटलं होतं. मशिदीमागच्या खोलीत राहायचा, आणि घराघरांतून पाळीनं त्याला डबा जायचा. त्याचा आवाज चांगला होता. खैरूनला तेच सोसलं नाही. आणि तो थांबायचा नाही. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी. लोक म्हणायला लागले, पोरगा छान देतो बांग. ते ऐकलं त्या दिवसापासून खैरूननं जबाब देणं सोडलं.

काशीबाई पाटी उचलून गेली त्याच दिवशी, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजीच्या वेळची गोष्ट. खैरून ओसरीवर मिरच्या कुटत बसली होती. भोंगा सुरू झाला. तिनं बत्ता आणखी जोरानं मारला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"ल्ल… ल…"

पाणी मागत असतील म्हणून ती पेला घेऊन आत गेली. दाऊदनी तोंड फिरवलं. पाणी गळ्यावर सांडलं. ती पुसायला गेली, तर त्यांनी डाव्या हातानं तिचा हात बाजूला सारला आणि बोट खिडकीकडे केलं. मशिदीकडे.

"ल… ल्ल… हौ…"

बांग कधीच पुढे निघून गेली होती. ते अजून 'नमाजीला या'च्या जबाबावरच अडकले होते. कपाळावर घाम आला होता, मानेची शीर ताठली होती. तरी ते सोडत नव्हते.

तेव्हा खैरूनला समजलं. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांना बोलावलं होतं. आता दुसरा कुणी बोलावत होता, आणि हा खाटेवर पडून त्या परक्या पोराला जबाब देत होता. तिला स्वतःची लाज वाटली. बांग देणारा बदलला होता, बांग तीच होती.

ती खाटेच्या कडेला बसली. पदर डोक्यावर घेतला. त्यांचा हात हातात धरून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ला हौल… व ला कुव्वत…"

दाऊदचे ओठ हलले. तोवर भोंगा बंद होऊन रस्त्यावर पुन्हा माणसांची बोलणी सुरू झाली होती. ते दोघं मात्र शेवटापर्यंत गेले.

पुढच्या आठवड्यात डब्याची पाळी खैरूनची होती. एरवी ती डबा शेजारणीकडून पाठवायची. या खेपेला तिनं नसीमला घरी बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"बेटा, बांग जरा ठहर के दे."

नसीमचं तोंड उतरलं. "कोई ग़लती हुई, चाची?"

"गलती नहीं. आवाज तेरी अच्छी है." हे म्हणताना तिला जरा जड गेलं. "लेकिन सुननेवाले को जवाब देना होता है. कोई देर से बोलता है."

नसीमनं तिच्या खांद्यावरून आत खाटेकडे पाहिलं. मग चपला काढून आत गेला आणि दाऊदच्या उशाशी गुडघ्यावर बसला. दाऊदनी डावा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात तिथून सरकून उशीवर पडेपर्यंत पोरगा हलला नाही.

मग पावसाळाभर त्या घरात बांगेचा जबाब दोन तोंडांनी गेला. दाऊदचे शब्द कधी पुरे झाले नाहीत. नुसता सूर निघायचा, पण वेळेवर निघायचा.

भादव्यात, एका सकाळी चहा पाजता पाजता ते गेले. घोट घशाखाली उतरला नाही, एवढंच झालं.

पालघरहून मुलगी रुकय्या आली. आळीतल्या बायका जमल्या. असरच्या बांगेनंतर न्यायचं ठरलं. आंघोळ, कफन सगळं झालं, आणि बायकांच्या रडण्यानं घर भरून गेलं. खैरून भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

भोंगा खरखरला.

"गप ऱ्हावा," खैरून म्हणाली. "बांग चाल्लीय."

एकेक बाई गप्प झाली. रुकय्यानं पदराचा बोळा तोंडात धरला. नसीमचाही आवाज आज भरलेला होता. खैरून त्याच्या मागून एकेक ओळ म्हणत गेली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. 'नमाजीला या' आलं, तिथं 'ला हौल' म्हणून ती थांबली. मग श्वास घेतला आणि कुणात बळ नाही, कुणाचं काही चालत नाही, तेही शेवटपर्यंत म्हटलं.

बांग संपली. बांगेनंतरची दुआ तिनं मनातल्या मनात केली, तोंडावरून हात फिरवले आणि मुलीकडे वळली.

"रड आता," ती म्हणाली.

दारात पुरुष खांदा द्यायला येऊन उभे राहिले होते. खैरून भिंतीला धरून उठली आणि त्यांना वाट देण्यासाठी बाजूला झाली.